हळू आवाजातली हाळी

परवा शिरूरहून कवठे येमाईला निघाले, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी निसवून उभी होती. दाणा भरत आलेला, पण अजून दुधाळ. एसटीची काच मी मुद्दाम उघडी ठेवली. शेजारच्या मावशींनी पदर कानांवरून घट्ट गुंडाळला आणि माझ्याकडे रागाने पाहिलं, पण मी काही काच लावली नाही. कुठून तरी ‘हाऽऽ होऽऽ’ ऐकू आलं, पाठोपाठ गोफणीचा फटकारा, आणि पाखरांचा मोठा थवा या शेतातून उठून त्या शेतात जाऊन बसला. मांडीवरच्या पिशवीत माझा रेकॉर्डर होता. तो काढून सुरू करायला हात शिवशिवत होते. पण एसटीत सुरू केला असता, तर ज्वारी राहिली बाजूला, नुसती एसटीच ऐकू आली असती.

हुरड्याचे दिवस आले की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझे कान टवकारतात. आगटीत कणीस भाजताना होणारा तडतड आवाज, तळहातावर चोळल्यावर सुटणारे दाणे, फुंकर, मग ती पहिली ‘अहाहा’. वारा आला की पिकातून जाणारी सळसळ, आणि ती सळसळही सकाळी वेगळी, दुपारी वेगळी. सकाळी पानं दवाने ओली असतात, तेव्हा ती एकमेकांना नुसती घासतात. ऊन चढलं की खडखडायला लागतात. हे मी कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, बाई, तुम्ही भूगोल शिकवता ना? तर हो, शिकवते, शिरूरच्या शाळेत. पण वर्गात जमिनीचे प्रकार सांगताना मला सांगावंसं वाटतं ते हे.

आमचं घर जुन्या मिशनच्या वस्तीतलं. वडील रविवारच्या उपासनेला पेटी वाजवायचे, आई भजनं सांगायची. सूर माझ्या कानात लहानपणीच बसला, गळ्यात मात्र कधी उतरला नाही. गायकमंडळात मला मागच्या ओळीत उभं करायचे आणि वर ‘तू जरा हळू’ असं बजावायचे. ज्याला गाता येत नाही त्याने ऐकावं, अशी मी मनाची समजूत घातली, आणि चाळिशी उलटल्यावर एक छोटा रेकॉर्डर घेतला. घरचे म्हणाले, हौसेला मोल नाही. माझा उत्साह असा की पहिला महिना मी दूध उतू जाण्याचासुद्धा आवाज भरून ठेवला. दूध गेलं ते वेगळंच.

काही वर्षांपूर्वीचा एक माघ महिना, ज्याची ही गोष्ट, मला या यंत्रानेच दिला. सुट्टी मिळाली की मी कुठे ना कुठे निघायची. इनामगावला घोडनदीच्या काठावर गेले. फार जुन्या काळी माणसं तिथे घरं बांधून राहत होती, त्यांनीही हाच पाण्याचा आवाज ऐकला असणार, या विचाराने मी हरखून गेले होते. घरी येऊन ऐकते तर पाणी कुठेच नाही, नुसता वारा, कुणी फाटका पडदा झटकावा तसा. मग माइकला घालायची केसाळ टोपी आणली. ती घालून पुन्हा गेले, तर तिथलं एक कुत्रं त्या टोपीला उंदीर-घूस समजून माझ्या मागे लागलं. त्याच दिवशी रेकॉर्डर उन्हात दगडावर ठेवला होता, तो उचलताना हाताला चटका बसला. आतली बॅटरी फुगली असती तर? तेव्हापासून मी त्याला सावलीत ठेवते, भर दुपारी ओल्या रुमालाजवळ पण रुमालात नाही, आणि मळणीच्या खळ्यावर तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. ज्वारीचा कोंडा आपल्या नाकात गेला तर शिंक येते. यंत्राला शिंकता येत नाही.

दौंडला बहीण राहते, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. तिथे फलाटाच्या टोकाला उभी राहून मी पत्र्याखालच्या पारव्यांचं घुमणं टिपत होते. पारवे हळू घुमतात म्हणून हेडफोनचा आवाज पूर्ण वाढवलेला. आणि मागच्या रुळावरून इंजिनाने भोंगा दिला. मी मटकन खाली बसले. पुढे कित्येक दिवस उजव्या कानात बारीक शिट्टी वाजत होती. डॉक्टरांनी तपासलं आणि मला पाचवीच्या मुलीला रागवावं तसं रागावले. नशीब, कान गेला नाही. पण कानाला खडा लावला. आता आधी आवाज शून्यावर, मग हेडफोन कानांवर, मग पाहुण्याला वाढावं तसं थोडं थोडं. लाजून कमी घेतलं तरी चालतं.

आणि शिक्रापूर. तिथे मावसभावाने कारखान्याजवळ खोली केली आहे. चहाच्या टपरीवर किती बोल्या ऐकू येतात! आपली मराठी, बिहारकडची हिंदी, मध्येच ‘शिफ्ट’ आणि ‘ओटी’ आणि ‘सुपरवायजर’. मी रस्त्याच्या कडेला हेडफोन लावून त्यात बुडून गेले होते. अचानक कुणीतरी माझी बाही धरून जोरात ओढली. एक परका कामगार होता, हातात चहाचा ग्लास, अर्धा चहा माझ्या साडीवर. त्याने फक्त बोट दाखवलं. मी उभी होते तिथून एक ट्रक मागे सरकत गेला. हेडफोनची गंमत हीच आहे आणि फसवणूकही हीच. लांबचं जवळ येतं, जवळचं नाहीसं होतं, आणि सगळ्यांत आधी नाहीशी होते ती आपली पाठ. तेव्हापासून माझा नियम: हेडफोन कानांवर असतील तर पाठीला भिंत किंवा झाड हवं आणि पाय जागेवर हवेत. चालायचं असेल तर हेडफोन गळ्यात.

हा नियम पाठ झालेला असतानाच सुरेखाचा फोन आला.

सुरेखा माझी जुनी विद्यार्थिनी. हजेरीला ‘हजर’ म्हणायची तेही मला तिच्या ओठांवरून कळायचं. लग्न होऊन कवठे येमाईजवळच्या एका वस्तीवर गेली. सासरचं घर मूळचं मेंढपाळांचं. आता शेती, ज्वारी, कांदा, थोडा ऊस, आणि जुन्या दिवसांची आठवण म्हणून ठेवलेली चार मेंढरं. नवरा शिक्रापूरकडे कारखान्यात, खोली करून राहणारा, सुट्टीला घरी येणारा. घरात ती आणि सासरे. सगळी वस्ती त्यांना आबा म्हणते.

फोनवर ती नेहमीसारखीच पुटपुटत होती. मी दोनदा ‘मोठ्याने बोल गं’ म्हणाले. मग कळलं ते असं: आबांच्या घशात, आवाज निघतो त्याच जागी, गाठ होती. पुण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती आणि सांगितलं होतं की जीवाला धोका नाही, पण आवाज राहीलच असं नाही. तोवर ओरडणं अजिबात बंद. आणि आबांची हाळी सगळ्या पंचक्रोशीत नावाजलेली. नदीच्या अलीकडून दिली की पलीकडचं मेंढरांचं खांड मान वर करून बघायचं, असं म्हातारी माणसं सांगत. प्रत्येक मेंढपाळाची हाळी वेगळी, मेंढरं आपल्या धन्याचीच ओळखतात. आबांच्या मागे ती देणारं कुणी नव्हतं. नवऱ्याला कधी शिकावीशी वाटली नाही. सुरेखाचं म्हणणं एवढंच, की आवाज आहे तोवर बाईंनी यंत्र घेऊन यावं.

मी पुढच्याच रविवारी उपासना आटोपून तडक निघाले. हाताशी दोनच रविवार होते आणि घाई अशी, जणू ऑपरेशन माझंच आहे.

आबा लिंबाखाली बाजेवर बसले होते. उंच, वाळकुडे, डोक्याला लाल पटका. कानांनी बरेच मंद झालेले, त्यामुळे सगळे त्यांच्याशी ओरडून बोलत. सगळे, म्हणजे सुरेखा सोडून. त्या घरची रीत अशी की सुनेने सासऱ्यासमोर पदर पुढे ओढायचा आणि आवाज चढवायचा नाही. त्यात ही मुळातच हळू बोलणारी. तिचं म्हणणं ती खुणांनी सांगायची, नाहीतर शेजारच्या चुलतसासूकरवी. चहा पुढे ठेवला की तो चहा आहे हे आबांना दिसतच होतं. संसार चालायला आवाज लागतोच असं नाही.

मी माइक पुढे धरला, हळू बोला म्हणून हातांनी सांगितलं. आबांनी माइककडे पाहिलं, मान मागे टाकली, छाती भरली आणि अशी हाळी ठोकली की रेकॉर्डरचा लाल दिवा लागला तो विझेचना. झाडावरचे होले उडाले. आणि मग आबांना खोकला सुटला. तो थांबेना. वाकून, बाजेची कड धरून ते खोकत राहिले, डोळ्यांतून पाणी. सुरेखा पाण्याचा तांब्या घेऊन धावली. नंतर मला घराआड नेऊन म्हणाली, “बाई, एवढ्यासाठी न्हाई बोलवलं तुम्हाला. आवाज धरायला बोलवलं, फोडायला न्हाई.”

यंत्रात जे आलं होतं तेही नुसतं फाटलेलं होतं.

आबांची चूक काय होती? त्यांनी आयुष्यात माइक पाहिला तो जत्रेत, लग्नात, सभेत. त्यांच्या लेखी माइक म्हणजे आवाज लांब फेकायचं साधन. त्यात गोफण आणि हाळी यांवर हात बसलेला माणूस. जे हातात येईल ते लांब पोचवायचं, हाच उभ्या जन्माचा धंदा. मी कानाजवळ जाऊन सांगितलं, आबा, हे फेकत नाही, हे वेचतं, कुजबुजलात तरी याला कळतं. त्यांनी रेकॉर्डर हातात घेऊन उलटसुलट केला आणि सुरेखाकडे बघून हसले. बाईंना वेड लागलंय, असा त्या हसण्याचा अर्थ होता.

आता सांगून उपयोग नव्हता, ऐकवायलाच हवं होतं. दुसऱ्या रविवारी मी बिनतारी छोटा माइकही नेला, कपड्याला चिमट्याने लावायचा. तो सुरेखाच्या पदराला लावला आणि तिला ज्वारीत कणसं काढायला पाठवलं. रेकॉर्डर पिशवीत घालून आबांच्या गळ्यात अडकवला, हेडफोन त्यांच्या कानांवर पटक्यावरून नीट बसवले, आवाज शून्यावर ठेवला आणि हळूहळू वाढवत नेला.

तो चेहरा मी विसरणार नाही. आधी कपाळाला आठी. मग आठी गेली. मग तोंड उघडं राहिलं. तिकडे पिकात सुरेखा कणीस मोडत होती, आणि इकडे आबा प्रत्येक मोडीला मान हलवत होते. “पानं बोलतात ना वं,” ते म्हणाले. “ही बांगडी. ही... ही पाखरं? चिमण्या हायेत व्हय अजून?” कित्येक वर्षांनी शेत त्यांच्याशी बोलत होतं. मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या, शाळेतल्या पोरीसारख्या.

रेकॉर्डरच्या बॅटरीचा दिवा लुकलुकला म्हणून मी झाडाच्या बुंध्याशी ठेवलेल्या माझ्या पिशवीतून जास्तीची बॅटरी काढायला वळले. तेवढ्यात आबा बाजेवरून उठले. त्यांच्यातला मेंढपाळ जागा झाला होता. किती लांबून ऐकू येतं, ते त्यांना बघायचं होतं. ज्वारीकडे तोंड, दोन्ही हात हेडफोनवर, आणि पावलं मागे, मागे, मागे. तोंडभर हसू. त्यांच्या पाठीमागे विहीर होती, जुनी, बिनकठड्याची.

मी वळून पाहिलं आणि किंचाळले. पळत सुटले. आबांना माझी किंचाळी पोचायचा संबंधच नव्हता. त्यांच्या कानांवर दुसरंच शेत होतं. मी पोचणार नाही, हे मला पळतानाच कळत होतं. माझा नियम, पाठीला झाड आणि पाय जागेवर, तो मी त्यांना सांगितलाच होता, पण ज्याला वर्षांनी चिमण्या ऐकू आल्या तो कशाला जागेवर थांबतो?

माझ्या ओरडण्याने सुरेखाने पिकातून मान वर केली. तिने पाहिलं. ती धावली नाही, ओरडली नाही. तिने हनुवटी खाली वाकवून पदराशी तोंड नेलं आणि म्हणाली, नेहमीच्याच आवाजात, मला ते नंतर यंत्रातच ऐकू आलं:

“आबा, थांबा. मागं हीर हाय.”

आबा थांबले. एक टाच उचललेली होती, ती त्यांनी पुढे आणून टेकली. मी पोचले आणि त्यांचा दंड धरला. त्यांच्या मागे मोजून दोन हातांवर काळं पाणी होतं. पण आबा विहिरीकडे बघतच नव्हते. ते ज्वारीकडे बघत होते.

“कोण बोललं?” त्यांनी विचारलं.

सुरेखाने पदर पुढे ओढला. मग तसाच हळू आवाज माइकमध्ये गेला, “मी, आबा. सुरेखा.”

“तुझा आवाज असा हाय व्हय?” आबा म्हणाले. “एवढी वर्सं घरात हायेस, आन् मला ठावंच न्हाई.”

ती पिकात उभी राहून रडत होती आणि ते हेडफोनमधून तिचं रडणं ऐकत होते. मला दोघांचंही हसू आलं आणि रडूही आलं. आनंद असा कधी कधी वेडावाकडा येतो, त्याला काय करणार!

त्यानंतर आबांना काही समजवावं लागलं नाही. हेडफोन त्यांनी उतरवूच दिले नाहीत. मी त्यांना बाजेवर बसवलं, पाठ लिंबाला टेकवली, आणि छोटा माइक त्यांच्या सदऱ्याला लावला. त्यांनी डोळे मिटले. आणि हाळी दिली, कुजबुजत. हाळी हा शब्दच मुळी लांबचा. हळू दिलेली हाळी असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याची मराठीची वही तपासायला मागितली असती. पण ती तशीच आली. आधी जिभेची बारीक थरथर, मग लांबवलेला स्वर, मग त्याला पडलेली एक मोड, जशी ओढ्याला पडते, आणि शेवटी मेंढीचं नाव, धवळे, अगदी कानात सांगितल्यासारखं. लांबून ऐकणाऱ्यांना त्या हाळीतलं हे नाव कधी कळलंच नसणार. जवळच बांधलेल्या मेंढरांनीसुद्धा मान वर केली नाही. ती फक्त आम्ही ऐकली, यंत्राने आणि मी. सुरेखाने मग ती ऐकली तेव्हा ती कितीतरी वेळ हेडफोन हातात धरून बसली होती.

मग आबा म्हणाले, “माझं झालं. आता हिचं घ्या.” काय घेऊ, तर काहीही. तिने दळणाचं, मेंढरांचं, नवऱ्याच्या सुट्टीचं काहीबाही सांगितलं आणि आबांनी ते अभंग ऐकावा तसं ऐकलं.

ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज नाही वाचला. उरला तो वाळक्या पानाइतका. मुलाने त्यांना कानाचं मशीन आणून दिलं, म्हणजे आता बोलायची पाळी सुनेची आणि ऐकायची त्यांची. सुरेखाने ते रेकॉर्डिंग मोबाईलमध्ये घेतलं होतं आणि काम करता करता इअरफोन लावून ऐकायची. मी तिला बजावलं होतं, एकच कान, आवाज कमी, आणि विळा हातात असताना अजिबात नाही. मला वाटायचं, ती सासऱ्यांची आठवण म्हणून ऐकते. माणूस किती अर्धवट ओळखतो आपल्या विद्यार्थ्यांना!

तर परवा मी तिथे पोचले ते या तयारीने की पानांची खडखड टिपायची आणि हुरडा खायचा. लिंबाखाली आबा होते, आता विहिरीला कठडा झाला होता. मेंढरं बांध ओलांडून शेजाऱ्याच्या हरभऱ्याकडे चालली होती. मी म्हटलं, अगं, जनावरं बघ. सुरेखा पिकात उभारलेल्या मचाणावर होती, पाखरं हाकायला चढलेली. तिने तिकडे पाहिलं, हातातली गोफण खाली ठेवली, पदर डोक्यावरून पाठीवर टाकला, आणि मान मागे टाकून हाळी दिली.

थरथर, लांबलेला स्वर, ती मोड. नाव तेवढं आता तिच्या मेंढीचं. शिवारावरून ती गेली ती कुठवर गेली कोण जाणे. हरभऱ्याच्या कडेला मेंढरं थबकली, वळली, आणि माना हलवत मचाणाकडे निघाली. मी रेकॉर्डर काढायचा विसरले. खरंच विसरले, पिशवी मांडीवर घेऊन बसले होते तशीच.

मी आबांकडे पाहिलं. त्यांनी हसत कानामागे बोट नेलं आणि मशीनचा आवाज कमी केला.